खिडकीचा गज वाकडा दिसला तिथून: मामांचे दोन डोळे आणि वेजएफ

मामांनी पहिला संशय खिडकीवर घेतला. सकाळी चहा पिताना हॉलच्या खिडकीचा मधला गज वाकलेला दिसला, आणि एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे लगेच उठून गजावरून हात फिरवला. गज सरळ. परत खुर्चीत बसून बघितलं तर परत वाकडा. मग त्यांनी एकेक डोळा झाकून बघितला, डाव्याने सरळ, उजव्याने वाकडा, आणि एवढं व्यवस्थित निदान स्वतःचं स्वतः करून तीन आठवडे कोणाला काही सांगितलं नाही. मामींना कळलं ते लाईट बिलामुळे, १८४० चं बिल मामांनी १३४० वाचलं आणि तेवढेच पैसे मोजून दिले.

ही ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट. मामा तेव्हा ६१ चे, राहायला कराडला, डायबेटिस चौदा वर्षांचा, गोळ्या चालू पण "जेवढी साखर वाढलेली वाटंल तेवढी गोळी" या हिशोबाने. डोळ्याच्या पडद्याची तपासणी चौदा वर्षांत एकदाही नाही, चष्म्याचा नंबर मात्र दोनदा बदललेला. बीपी होतं. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, एमएस्सी बायोकेमिस्ट्रीची, त्यामुळे घरात कोणाला काही झालं की रिपोर्ट आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतात. यावेळी मात्र मीच सोबत गेले, कोल्हापूरला, कारण मामा एकटे गेले असते तर नवा चष्मा करून परत आले असते.

रिपोर्ट असे. उजवा डोळा ६/३६, म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जी अक्षरं ३६ मीटरवरून दिसतात ती दिसायला मामांना ६ मीटरवर यायला लागतं. डावा ६/९, जवळजवळ चांगलाच. ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा काप दाखवणारा स्कॅन, त्यात उजव्या डोळ्याच्या मधोमध सूज, जाडी ५१२ मायक्रॉन, जिथे साधारण अडीचशेच्या आसपास असायला पाहिजे. स्कॅनच्या चित्रात मधला खड्डा असतो तो खड्डाच नव्हता, उलट टेंगूळ आलेलं आणि आत काळ्या काळ्या पोकळ्या, पाण्याच्या. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, १०.४. लघवीत प्रोटीन जात होतं. मग हाताच्या शिरेतून पिवळा डाय देऊन डोळ्यांचे फोटो काढले, दुसऱ्या दिवशीपर्यंत मामांची लघवी हळदीच्या पाण्यासारखी, त्याची त्यांनी घरभर बातमी केली. त्या फोटोत उजव्या डोळ्यात मधोमध गळती दिसली. आणि डाव्यात, म्हणजे ज्याने मामांना चांगलं दिसत होतं त्यात, कडेला मोठमोठे काळे पट्टे जिथे रक्तच पोचत नव्हतं, आणि त्या पट्ट्यांच्या काठावर पांढरे झुपके, नवीन फुटलेल्या रक्तवाहिन्या.

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत वेजएफ वाढलाय." मामी माझ्या कानात, "व्हेज म्हंजे? मटण बंद करायचं का?"

तर हा वेजएफ. पूर्ण नाव व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढायचा निरोप देणारं प्रोटीन. मी यावर एमएस्सीला दहा मार्कांची टीप लिहिली होती, रिसेप्टर दोन, सिग्नल असा असा जातो, सगळं पाठ. पण मामांच्या दोन डोळ्यांचे फोटो शेजारी शेजारी बघितले तेव्हा मला या प्रोटीनचा इतिहास नव्याने कळला, खरंच. कारण याचा शोध दोनदा लागलाय आणि दोन वेगळ्या नावांनी.

१९८३ मध्ये बोस्टनला सेंगर आणि ड्वोरॅक वगैरे मंडळींना गिनीपिगच्या ट्यूमरच्या पाण्यात एक प्रोटीन सापडलं, जे रक्तवाहिन्यांना गळकं करतं. हिस्टामिनच्या, म्हणजे ॲलर्जीत सूज आणणाऱ्या रसायनाच्या, कितीतरी पट जोरात. त्यांनी नाव ठेवलं व्हॅस्क्युलर पर्मिएबिलिटी फॅक्टर. मग १९८९ मध्ये जेनेन्टेक कंपनीत नापोलिओने फेरारा, मूळचा सिसिलीतला माणूस, गाईगुरांच्या पिट्युटरी ग्रंथीच्या पेशींवर काम करत होता, त्याला रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन मिळालं, त्याने नाव दिलं वेजएफ. नंतर जीन तपासल्यावर कळलं की दोन्ही एकच. गळवणाराही तोच, वाढवणाराही तोच. आणि मामांच्या उजव्या डोळ्यात पहिलं नाव चालू होतं, डाव्या डोळ्यात दुसरं. हे मला कोणत्या पुस्तकाने इतकं सोपं करून दाखवलं नव्हतं.

आता वेजएफ व्हिलन आहे असं लगेच वाटतं, कारण डॉक्टर त्याच्या विरोधात इंजेक्शन देतात. पण तसं नाही. पोटातल्या बाळाला हा नसेल तर रक्तवाहिन्याच बनत नाहीत. १९९६ ला उंदरांवर दाखवलं गेलं की वेजएफच्या जीनच्या दोन कॉप्यांपैकी नुसती एक काढली तरी पिल्लू गर्भातच मरतं, एवढी त्याची मात्रा नेमकी लागते. डोळ्याचा पडदा हा शरीरातला फार खादाड भाग आहे, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. डायबेटिसमध्ये वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्यातल्या बारीक केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, वाहिन्या बंद पडतात आणि पडद्याचे तुकडेच्या तुकडे उपाशी राहतात. उपाशी पेशी काय करणार, हाका मारणार. ती हाक म्हणजे वेजएफ.

हाक कशी सुटते तेही भारी आहे. पेशीत हिफ नावाचं प्रोटीन सारखं तयार होत असतं आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्याच्यावर शिक्का बसून ते लगेच मोडीत जातं. ऑक्सिजन कमी पडला की शिक्का बसत नाही, हिफ टिकतं, आणि जाऊन वेजएफचा जीन चालू करतं. यावर काम करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरांना याचा वास फार आधी लागला होता, १९४८ लाच आयझॅक मायकलसनने लिहून ठेवलं होतं की उपाशी पडद्यातून काहीतरी पदार्थ सुटत असणार ज्याने नव्या वाहिन्या फुटतात. नाव माहीत नव्हतं म्हणून लोक त्याला फॅक्टर एक्स म्हणायचे. १९९४ मध्ये डायबेटिसच्या पेशंटांच्या डोळ्याच्या आतलं पाणी तपासलं, त्यात वेजएफ वाढलेला सापडला, आणि एक्सला नाव मिळालं.

घोळ एवढाच की हाक ऐकून जी मदत येते ती कच्ची असते. नवीन वाहिन्या पातळ, ठिसूळ, आणि उपाशी भागात जायचं सोडून पडद्याच्या वर, डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या जेलीत घुसतात, शिंकेने फुटतील अशा. आणि आधीच्या वाहिन्यांचे सांधे सैल होऊन पाणी मधोमध साठतं ते वेगळंच.

मी हे सगळं मामांना गाडीत समजावलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हंजे रेडिएटर गळतोय, पण इंजिन गरम होतंय ते कुणी बघंना." मी गप्प बसले, कारण यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

आता औषधाचं. डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले, एक पाच हजाराच्या आतला, एक वीसच्या वरचा, एक पन्नासच्या आसपासचा, दर वेळचे, आणि असे किती घ्यायचे ते आज सांगता येत नाही. दादाचा, म्हणजे मामांच्या मुलाचा, चेहराच उतरला. स्वस्त ते बेव्हासिझुमॅब, वेजएफला पकडून ठेवणारी अँटिबॉडी, लोक ब्रँडनेच ओळखतात, ॲव्हास्टिन. हे डोळ्याचं औषधच नाही मुळात. २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं, ट्यूमरला रक्तपुरवठा तोडायचा या कल्पनेवर, जी कल्पना ज्युडा फोकमनने १९७१ ला मांडली होती. डोळ्यासाठी त्याच कंपनीने त्याच मूळ अँटिबॉडीपासून छोटा तुकडा बनवला, रॅनिबिझुमॅब, तो २००६ ला आला. पण त्याआधीच २००५ मध्ये मायामीच्या रोझेनफेल्ड नावाच्या डॉक्टरांनी कॅन्सरचं औषध थेंबभर घेऊन डोळ्यात देऊन बघितलं आणि चाललं. तेव्हा अमेरिकेत एक डोस सुमारे ५० डॉलर विरुद्ध सुमारे २००० डॉलर. २०११ मध्ये सरकारी पैशाने मोठी तुलना झाली, कॅट नावाची, म्हातारपणातल्या पडद्याच्या आजारावर, दोन्हींचा नजरेवरचा परिणाम सारखाच निघाला.

स्वस्त का, तर वायल मोठी असते. १०० मिलिग्रॅम, ४ मिलिलिटर. डोळ्याला लागतं ०.०५ मिलिलिटर, १.२५ मिलिग्रॅम. कागदावर एका वायलमधून ८० डोळे. म्हणून पेशंट एका दिवशी गोळा करून बोलावतात, एक वायल उघडून सगळ्यांना. आणि तिथेच धोका, कारण वाटताना जंतू गेला तर एका दिवसात दहा डोळे जातात. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये असं झाल्यावर आपल्या औषध नियंत्रकांनी डोळ्यात ॲव्हास्टिन वापरू नका असा इशाराच काढला होता, नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी जोर लावल्यावर काही काळाने तो मागे घेतला. आमच्याकडून संमतीपत्रावर सही घेतली त्यात हे औषध डोळ्यासाठी मंजूर नाही असं स्पष्ट मराठीत लिहिलेलं होतं. दादा ते वाचून म्हणाला, "मग देताय कशाला?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कारण चालतं आणि तुम्हाला परवडतं."

इथे माझं मत सांगते. महागडं औषध चांगलं नसतं असं नाही. २०१५ ला डायबेटिसच्या सुजेवरच तीन औषधांची तुलना झाली, त्यात सुरुवातीची नजर बरी असलेल्यांत काही फरक नव्हता, पण साधारण ६/१५ किंवा त्याहून खराब नजर असलेल्यांत पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट, ते पन्नास हजारवालं, पुढे होतं. मामा ६/३६ ला होते. म्हणजे त्या हिशोबाने त्यांच्या उजव्या डोळ्याला महाग औषध जास्त लागू पडलं असतं. पण २०२२ मध्येच दुसरा निष्कर्ष आला होता की आधी ॲव्हास्टिनने सुरू करा, पुरेसा फरक पडला नाही तर बदला, दोन वर्षांनी नजर जवळपास तेवढीच. डॉक्टरांनी तेच ठरवलं. आणि महागडी दोन इंजेक्शनं घेऊन पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा स्वस्तातली सहा घेतलेली कधीही बरी, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पहिल्या इंजेक्शनला मी बाहेर बाकावर होते. हिरव्या टोप्या घातलेली अकरा माणसं ओळीने, प्रत्येकाच्या भुवईच्या वर स्केचपेनने खूण, कुठला डोळा ते चुकू नये म्हणून. दर पाच मिनिटांनी बधिर करायचे थेंब. आतलं मामांनी सांगितलं, बेटाडिनने धुतल्यावर आग झाली तीच खरी, मग पापण्यांना चिमटा, "वर बघा" म्हणाले, बुबुळाच्या काठापासून चार मिलिमीटर मोजून सुई, केसासारखी, टोचलं ते कळलं पण दुखलं असं नाही. बाहेर आल्यावर त्यांना खाली दोन काळे गोल फुगे तरंगताना दिसत होते, घाबरले, सिस्टर म्हणाल्या सिरिंजमधली हवा आहे, उद्यापर्यंत जाईल. गेली.

महिन्याला एक. तीन झाल्यावर उजवा डोळा ६/१८, जाडी ३४१. पाच झाल्यावर मार्च २०२३ मध्ये ६/१२ आणि २८७. मामा पेपर वाचायला लागले. गज, त्यांच्या भाषेत, "नव्वद टक्के सरळ". डाव्या डोळ्यातही मध्ये दोन इंजेक्शनं दिली होती, त्याने ते पांढरे झुपके सुकल्यासारखे झाले होते, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता डाव्याला लेझर करायचा, तीन बैठकीत.

इथे आमचं चुकलं. आमचं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं, माझ्यासकट. मामांचं म्हणणं, "डाव्यानं तर मला झक्कास दिसतंय, त्याला कशाला भाजायचं?" मे महिन्यात ताईचं लग्न. एप्रिलची तारीख पत्रिका वाटण्यात गेली, मेची लग्नात, जूनमध्ये पाऊस आणि पेरण्या, जुलैमध्ये मामा म्हणाले दिसतंय की सगळं. मी एकदा फोनवर आठवण केली, त्यांनी हो म्हणलं, मी पण सोडून दिलं. मी, जी वर्गात हाफ लाइफ शिकवते. डोळ्यात टाकलेलं औषध आठवडा-दहा दिवसांत निम्मं होतं, महिन्याभरात जवळजवळ संपतं. ते फक्त सुटलेला वेजएफ धरून ठेवतं, हाक मारणारी उपाशी पेशी तशीच असते, आणि औषध संपलं की हाक परत चालू. हे मला माहीत होतं आणि तरी मी "बरं दिसतंय" यावर समाधान मानलं.

लेझरचा मुद्दा नेमका हाच असतो. लेझरने पडद्याच्या कडेचा उपाशी भाग मुद्दाम जाळतात, शेकडो बारीक चटके, म्हणजे तो भाग ऑक्सिजन मागायचाच बंद होतो आणि वेजएफ सोडायचाही. त्याची किंमत असते, बाजूची आणि रात्रीची नजर थोडी जाते. पण ते टिकतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मधेच गायब झालेल्या पेशंटांचा हिशोब मांडला, त्यात फक्त इंजेक्शनवर असताना सहा महिन्यांवर गायब झालेल्यांचे डोळे, लेझर करून गायब झालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत परत आले. मामांच्या डाव्या डोळ्यासाठी हे वाक्य म्हणजे भविष्यच होतं.

सप्टेंबर २०२३, गणपती. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची आरती झाली, सगळे प्रसाद घेऊन बसले, मामा म्हणाले, "धूर अजून गेला न्हाई का गं? खिडकी उघडा की." खिडकी उघडीच होती. मी विचारलं कुठल्या डोळ्याने, त्यांनी उजवा झाकला आणि गप्प झाले. डाव्यातून काजळीचं जाळं खाली उतरत होतं, त्यांच्या शब्दात "शाई सांडल्यागत". सकाळपर्यंत त्या डोळ्याने फक्त हात हललेला कळत होता.

कोल्हापूरला सोनोग्राफी केली कारण आत रक्त भरल्यावर पडदा दिसतच नाही. पडदा जागेवर होता, पण एका बाजूला ओढ पडलेली, कारण नव्या वाहिन्यांबरोबर जाळीसारखा घट्ट धागा वाढतो आणि तो आकसतो. तीन आठवडे वाट बघितली, डोकं उंच ठेवून झोपायचं, रक्त विरेल म्हणून, नाही विरलं. मग ऑपरेशन, आतली जेली काढायचं. आणि त्याच्या चार दिवस आधी परत तेच ॲव्हास्टिनचं इंजेक्शन, म्हणजे वाहिन्या सुकतील आणि कापताना रक्त कमी येईल. पण यातही पेच आहे. वाहिन्या सुकल्या की त्यांच्या बरोबरचा धागा अजून आकसतो आणि पडदा ओढून सुटू शकतो, म्हणून इंजेक्शन दिल्यावर ऑपरेशन लांबवता येत नाही. तेव्हा मामांना थोडा ताप आला होता, भूलतज्ज्ञ म्हणत होते पुढे ढकलू, डोळ्याचे डॉक्टर म्हणाले परवाच्या पुढे नाही. ते दोन दिवस मामी देवासमोरून हलल्या नाहीत. ताप उतरला, ऑपरेशन झालं, आतूनच लेझरही मारला, जो मार्चमध्ये बाहेरून बसल्या बसल्या झाला असता.

मधल्या सहा महिन्यांत उजव्याचीही सूज परत आली होती, ४३० वर. तिथे परत इंजेक्शनं. फिजिशियननी इन्सुलिन सुरू केलं, पण साखर एकदम खाली आणायची नाही, हळूहळू, कारण फार झपाट्याने उतरवली तर पडद्याचा आजार काही काळ उलट वाढू शकतो. किडनीमुळे आम्ही एक विचारलं होतं, हे औषध किडनीला त्रास देईल का, कारण कॅन्सरच्या पेशंटना त्याने बीपी वाढतं, लघवीतून प्रोटीन जातं. तर कॅन्सरला किलोमागे ५ मिलिग्रॅम असा डोस असतो, सत्तर किलोच्या माणसाला ३५० मिलिग्रॅम. मामांना १.२५, म्हणजे त्याचा २८० वा भाग. तरी बीपी आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, दर तीन महिन्यांनी बघतो, कारण दोन्ही आधीपासूनच बिघडलेलं आहे.

आजची स्थिती. डावा ६/२४, संध्याकाळनंतर मामा स्कूटर चालवत नाहीत, जिना उतरताना कठडा धरतात. उजवा ६/१२ ते ६/१८ च्या मधे, महिन्यावर अवलंबून. उजव्याला सात इंजेक्शनांनंतर दोन वेळा औषध बदलून बघितलं, थोडं अंतर वाढलं, आता दहा आठवड्यांनी एक. उजव्यालाही कडेचा लेझर करून घेतला, यावेळी कोणी वाद घातला नाही.

कालनिर्णयवर तारखेभोवती लाल गोल असतो आणि शेजारी मामींच्या अक्षरात "व्हेज". मामा अजून रोज सकाळी चहाच्या आधी खिडकीसमोर बसतात, एक डोळा झाकतात, मग दुसरा, आणि मला मेसेज येतो. आजचा असा होता: उजवा सरळ, वरती जरा लाट. डावा, गज मोजता येतात, सहा.